पोर्फिरियासाठी स्टूल टेस्ट: माझा अनुभव, पहिल्या सँपलला काय चुकलं त्यासकट

चौथ्यांदा पोटदुखीने अ‍ॅडमिट होते तेव्हाची गोष्ट. डॉक्टर मॅडम सकाळी राउंडला आल्या, खुर्ची ओढून बसल्या (बसल्या म्हणजे काहीतरी वेगळं आहे हे तेव्हाच कळलं) आणि म्हणाल्या, लघवीचा रिपोर्ट आलाय, पोर्फोबिलिनोजेन नॉर्मलच्या पंधरा पट आहे, तुम्हाला पोर्फिरिया आहे, आणि आता मला तुमचं स्टूल पाठवायचंय. पहिला अर्धा भाग माझ्या डोक्यात शिरलाच नाही कारण तो शब्दच आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते (पोर्फिरिया म्हणजे रक्ताला लाल रंग देणारं हीम शरीरात तयार होताना मध्येच अडतं असा आजार, आणि पोर्फोबिलिनोजेन हा त्यात साचणारा एक पदार्थ), पण स्टूल शब्द बरोबर ऐकला, आणि मी विचारलं की आजार लघवीत सापडला ना, मग आता हे कशाला?

त्या "कशाला" चं उत्तर मला पूर्ण समजायला जवळपास दोन महिने लागले, म्हणून सविस्तर लिहितेय. कोणाला ही टेस्ट सांगितली असेल तर माझ्यासारखं पहिलं सँपल वाया जाऊ नये एवढीच इच्छा आहे.

थोडं मागचं सांगते. दीड वर्षं पोट दुखत होतं, रोज नाही, पण आलं की चार-पाच दिवस जीव नकोसा व्हायचा, बहुतेक वेळा पाळीच्या आधीच्या आठवड्यात. उलट्या, पोट अजिबात साफ न होणं, छातीत धडधड, नाडी १२० च्या आसपास, पाय गळून गेल्यासारखे, आणि एकदा तर रक्तातलं सोडियम १२४ पर्यंत खाली गेलं होतं. आणि एवढं सगळं असून पोटावर हात दाबला की पोट मऊ, सोनोग्राफी नॉर्मल, सीटी स्कॅन नॉर्मल, एन्डोस्कोपी नॉर्मल. हे नॉर्मल नॉर्मल ऐकून माणूस फार एकटा पडतो हो. घरचेही हळूहळू टेन्शन कमी घे म्हणायला लागले होते, त्यांचा दोष नाही, त्यांना तसंच सांगितलं गेलं होतं. अपेंडिक्स काढून टाकू असंही एका ठिकाणी ठरलं होतं, ते शेवटच्या क्षणी राहिलं.

मग या वेळी एका सिस्टरच्या लक्षात आलं की लघवीचं भांडं खिडकीजवळ राहिलं होतं आणि त्यातली लघवी काही तासांत गडद लालसर-तपकिरी झालीये, ताजी असताना तशी नव्हती. तिने ते डॉक्टरांना सांगितलं. बस, एवढ्यावरून पुढचं सगळं घडलं. पोर्फोबिलिनोजेनला स्वतःला रंग नसतो, पण लघवी उजेडात राहिली की त्यापासून रंगीत द्रव्यं तयार होतात. त्या सिस्टरची मी कायम ऋणी राहीन.

लघवीची टेस्ट साधी होती, दुखत असतानाच एकदाची लघवी, चोवीस तास गोळा करायची गरज नाही, काळ्या कागदात गुंडाळलेली बाटली, सोबत क्रिएटिनिन मोजायचं (लघवी पातळ की घट्ट ते त्यावरून कळतं). रिपोर्ट आल्या दिवशीच ग्लुकोजचं ड्रिप आणि हेमिनची (हे हीमपासूनच बनवलेलं औषध) इंजेक्शनं सुरू झाली, आणि आधी चालू असलेली काही औषधं तडकाफडकी बंद केली, कारण या आजारात बरीच औषधं अटॅक (म्हणजे असा पोटदुखीचा झटका) आणतात किंवा वाढवतात. ट्रीटमेंटसाठी स्टूलच्या रिपोर्टची वाट बघायची नसते हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं. अटॅक कुठल्याही तीव्र पोर्फिरियाचा असला तरी त्या क्षणी करायचं तेच असतं.

मग स्टूल कशाला? तर पोर्फोबिलिनोजेन वाढलेलं दिसलं की तीव्र पोर्फिरिया आहे एवढं कळतं, पण तो कुठला ते कळत नाही, आणि तीन शक्यता उरतात. अ‍ॅक्यूट इंटरमिटंट पोर्फिरिया, हेरेडिटरी कोप्रोपोर्फिरिया आणि व्हेरिगेट पोर्फिरिया. तिन्हींची पोटदुखी सारखीच, फक्त नंतरच्या दोघांत कातडीवर उन्हाने फोड येऊ शकतात, पण येतीलच असं नाही, मला कधीच आले नाहीत. तिन्हींचे जीन वेगळे, त्यामुळे घरच्यांची तपासणी करायची तर नेमका कुठला ते माहीत हवं.

मॅडमनी माझ्या फाइलच्या मागच्या कोऱ्या पानावर एक शिडी काढली, आठ पायऱ्यांची. आपल्या रक्तातलं हीम तयार होतं ते आठ एन्झाइमच्या आठ पायऱ्यांनी, मुख्यतः अस्थिमज्जेत आणि यकृतात. एखाद्या पायरीवरचं एन्झाइम अर्धवट काम करत असेल तर त्याच्या आधीचा माल साचतो. तिसऱ्या पायरीवर अडलं तर अ‍ॅक्यूट इंटरमिटंट, सहाव्यावर अडलं तर कोप्रो, सातव्यावर व्हेरिगेट. आणि आता खरी गंमत अशी की हा साचलेला माल शरीराबाहेर जायचे रस्ते दोन आहेत. सुरुवातीच्या पायऱ्यांवरचे पदार्थ पाण्यात सहज विरघळतात ते लघवीतून जातात. जसजसं शिडीवर वर जावं तसतसा पदार्थ पाण्यात कमी विरघळतो. या पुढच्या पायऱ्यांवरच्या पदार्थांना पोर्फिरिनं म्हणतात, त्यातलं कोप्रोपोर्फिरिन दोन्ही वाटांनी जातं, आणि प्रोटोपोर्फिरिन पाण्यात विरघळतच नाही म्हणून ते यकृतातून पित्तात, पित्तातून आतड्यात आणि मग शीमधूनच बाहेर पडतं, लघवीत ते कधी दिसायचंच नाही. म्हणजे शिडीच्या वरच्या भागात काय चाललंय ते बघायला लघवीची खिडकी पुरत नाही. हे समजल्यावर माझी लाज निम्मी कमी झाली, खरंच.

निम्मीच म्हणतेय कारण उरलेली निम्मी होती. वॉर्डमध्ये, सोबत नातेवाईक बसलेले, आणि डबीत सँपल द्यायचं. मी दोन दिवस कारणं काढली. तशी कारणं काढायची गरजही नव्हती, कारण पोट साफच होत नव्हतं. अटॅकमध्ये आतड्याची हालचाल मंदावते, बद्धकोष्ठ हे तर या आजाराचं लक्षणच आहे, आणि ज्या माणसाची टेस्ट करायची त्यालाच नेमकं सँपल देता येत नाही! पोट साफ व्हायचं औषध मनाने घ्यायचं नाही, पोर्फिरियात चालणारं आहे ना हे डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं, ही एक गोष्ट ठळक करून लिहावीशी वाटते.

तिसऱ्या दिवशी रात्री कसंबसं झालं. खडा, खूप जोर लावून, आणि सोबत ताजं लाल रक्त, कारण फिशर (गुदद्वाराला चीर) झाली होती. आईने डबी धरायला मदत केली आणि एक शब्द बोलली नाही, फक्त नंतर केसांवरून हात फिरवला. मला वाटलं, सुटलो. पारदर्शक प्लॅस्टिकची डबी, पारदर्शक पिशवी, सकाळपर्यंत ती सिस्टरांच्या टेबलावर ट्यूबलाइटखाली, सकाळी कलेक्शनवाला घेऊन गेला. रक्ताचं मी कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही, आणि फॉर्मवर पण तसा रकाना नव्हता.

रिपोर्ट आला तो एका ओळीचा. टोटल फीकल (म्हणजे शीमधलं एकूण) पोर्फिरिन २४०, नॉर्मल २०० च्या खाली, नॅनोमोल प्रति ग्रॅम कोरड्या वजनाला. बाजूला एक शेरा, किंचित वाढलेलं. बाकी काही नाही.

मी खूश झाले होते की थोडंसंच वाढलंय. मॅडम मात्र तो कागद बराच वेळ बघत राहिल्या आणि मग एकेक प्रश्न विचारायला लागल्या. डबी कशात गुंडाळली होती? किती वेळ बाहेर होती? हेमिनचा कितवा दिवस होता? शीमध्ये रक्त होतं का? शेवटच्या प्रश्नावर मी हो म्हटलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी जे समजावलं ते असं. पोर्फिरिनना उजेड सोसत नाही, उजेडात ती तुटत जातात, म्हणजे माझं सँपल रात्रभर दिव्याखाली राहिलं तेव्हा आकडा खाली आला असणार. उलट शीमध्ये रक्त असेल तर त्यातल्या हीमवर आतड्यातले जंतू काम करतात आणि त्यापासून प्रोटोपोर्फिरिन आणि त्याच्या जवळची आणखी पोर्फिरिनं तयार करतात, म्हणजे आकडा वर गेला असणार. जेवणातल्या मांसातल्या हीमचंही तेच होतं. बद्धकोष्ठात तर शी आतड्यात जास्त दिवस राहते, जंतूंना वेळच वेळ. मग २४० म्हणजे नक्की काय? ते कोणालाच सांगता येणार नाही. खरा आकडा १०० असू शकतो किंवा ८०० असू शकतो. शिवाय नुसत्या टोटलचा उपयोग मर्यादित, कुठलं पोर्फिरिन किती हे वेगवेगळं मोजल्याशिवाय तिघांपैकी कोण ते कळत नाही. आणि रक्ताने वाढतं ते मुख्यतः प्रोटोपोर्फिरिन, व्हेरिगेटमध्येही वाढतं ते मुख्यतः प्रोटोपोर्फिरिनच, तर माझ्या फिशरमुळे मला चुकून व्हेरिगेटचा शिक्का बसू शकला असता. हे ऐकून अंगावर काटा आला. चुकीचा शिक्का म्हणजे पुढे घरच्यांमध्येही चुकीचा जीन शोधत बसणं.

मला राग आला होता हे लपवत नाही. डबी देताना कोणी एक वाक्य बोललं असतं, उजेडापासून जपा आणि रक्त पडलं तर सांगा, तर तीन दिवसांचा तो त्रास फुकट गेला नसता. ही टेस्ट रोजची नाही, कलेक्शन करणाऱ्याला माहीत नसणं मी समजू शकते, पण मग पेशंटच्या हातात तरी एक चिठ्ठी द्यावी.

दुसरं सँपल सहा आठवड्यांनी दिलं. मला भीती होती की आता तर मी बरी आहे, अटॅक गेलाय, आता काय सापडणार. लघवीतलं पोर्फोबिलिनोजेन तोपर्यंत जवळपास नॉर्मलला आलं होतं. मॅडम म्हणाल्या की कोप्रो आणि व्हेरिगेटमध्ये ते अटॅकनंतर पटकन खाली येतं, म्हणूनच लघवी दुखत असतानाच घ्यायची असते, पण याच दोन आजारांत शीमधली गडबड अटॅक नसतानाही टिकून राहते. तेव्हा घाबरू नका, असेल तर सापडेल.

या वेळी सगळं नीट केलं. फिशर पूर्ण भरेपर्यंत थांबले. दोन-तीन दिवस मांस बंद, अल्कोहोल मी घेत नाहीच. उपाशी मात्र राहायचं नाही हे बजावून सांगितलं होतं, कारण उपासमार हेच या आजाराचं मोठं ट्रिगर आहे, टेस्टसाठी म्हणून जेवण सोडलं तर अटॅक यायचा. सँपल घ्यायचं कोरड्या स्वच्छ भांड्यात, कमोडच्या पाण्यात पडलेलं चालत नाही, लघवी मिसळलेली चालत नाही, म्हणून आधी लघवी करून घ्यायची. किती लागतं तर फार नाही, सुपारीएवढं असलं तरी पुरतं. डबीत कुठलंही केमिकल घालायचं नाही. झाकण घट्ट, मग अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे दोन थर, डबीच्या तळालाही, फॉइलवर नाव आणि तारीख-वेळ, मग जाड पिशवी, मग फ्रिजमध्ये. घरच्या फ्रिजमध्ये ठेवायला मन तयार नव्हतं, आईनेच खालचा कप्पा रिकामा करून दिला. पुढे लॅबने ते गोठवून, बर्फात पॅक करून मोठ्या लॅबला पाठवलं. (काही लॅब चोवीस तासांची पूर्ण शी गोळा करायला सांगतात, त्यामुळे आपल्या लॅबला आधी विचारावं.)

फॉर्मवर मी स्वतःच्या हाताने लिहिलं, रक्त नाही, मागचा अटॅक कधी, हेमिन शेवटचं कधी दिलं, कुठली औषधं चालू आहेत. जागा नव्हती तर मागच्या बाजूला लिहिलं. सोबत रक्ताचीही एक ट्यूब घेतली, तीही फॉइलमध्ये, प्लाझ्मा स्कॅनसाठी (रक्तातल्या पातळ भागावर प्रकाश टाकून तो कुठल्या तरंगलांबीला सर्वांत जास्त चमकतो ते बघतात).

मला खूप उत्सुकता होती की तिकडे करतात काय, म्हणून रिपोर्टनंतर लॅबच्या बायोकेमिस्टशी फोनवर बोलले, आणि त्यांनी इतक्या आपुलकीने सांगितलं की ती वीस मिनिटं मला आठवणीत राहिलीत. शीचा अगदी छोटा भाग तोलून घेतात, तीव्र हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आणि ईथर घालून घुसळतात, थोड्या वेळाने थर वेगळे होतात आणि पोर्फिरिनं अ‍ॅसिडच्या थरात उतरतात. दुसरा छोटा भाग सुकवून त्यात पाणी किती होतं ते काढतात, कारण कोणाची शी पातळ कोणाची घट्ट, म्हणून आकडा कोरड्या वजनावर देतात. मग अ‍ॅसिडच्या थरावर ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश टाकून एकूण किती ते मोजतात. आणि त्यापुढची पायरी म्हणजे एचपीएलसी, त्यात एका बारीक नळीतून ते मिश्रण दाबाने पुढे ढकलतात आणि प्रत्येक पोर्फिरिन आपापल्या वेळेला वेगळं बाहेर पडतं, आणि चमकतं, ती चमक मशीन मोजतं. त्यांनी माझ्या ट्यूबचा अल्ट्राव्हायोलेट दिव्याखालचा फोटो पाठवला. गडद गुलाबी-लाल, आतून पेटल्यासारखी. दीड वर्षं ज्याला टेन्शन म्हणत होते ते मी डोळ्यांनी बघत होते. मी तो फोटो आईला दाखवला आणि आम्ही दोघी रडलो.

रिपोर्ट या वेळी पूर्ण पानाचा. टोटल ६८०. त्यातलं बहुतेक सगळं कोप्रोपोर्फिरिन, प्रोटोपोर्फिरिन फारसं वाढलेलं नाही. कोप्रोपोर्फिरिनचे दोन भाऊ असतात, १ आणि ३ नंबरचे, निरोगी माणसात १ नंबर जास्त असतो, आणि ३ भागिले १ हे गुणोत्तर मोठ्या माणसात २ च्या वर गेलं तर हेरेडिटरी कोप्रोपोर्फिरियाकडे बोट जातं. माझं ९ होतं. प्लाझ्मा स्कॅनचं टोक ६२० नॅनोमीटरला, व्हेरिगेटमध्ये ते ६२४ ते ६२८ ला येतं, म्हणजे तो बाद. अ‍ॅक्यूट इंटरमिटंटमध्ये शी सहसा नॉर्मल किंवा किंचितच वाढलेली असते, तर तोही बाद. मॅडमनी फाइलच्या मागची ती शिडी उघडली आणि सहाव्या पायरीवर गोल केला.

कोप्रो हा शब्द ग्रीक कोप्रोस वरून आलाय, त्याचा अर्थच शेण, विष्ठा. हा आजार वेगळा म्हणून ओळखला गेला १९५५ मध्ये. म्हणजे जी गोष्ट द्यायला मी दोन दिवस टाळाटाळ करत होते तीच माझ्या आजाराच्या नावात बसलेली आहे. आता कोणी विचारलं की कसं कळलं तर मी सरळ सांगते, शी तपासून कळलं.

नाव कळल्यावर जीन टेस्ट थेट एकाच जीनची करता आली, सीपीओएक्स, त्यात बदल सापडला. मग प्रश्न भावाचा. आई किंवा बाबा यांच्यापैकी एकाकडून आलेला हा बदल, प्रत्येक मुलात यायची शक्यता ५० टक्के, आणि असला तरी बऱ्याच जणांना आयुष्यभर काहीच होत नाही, पण चुकीचं औषध मिळालं किंवा खूप उपास घडला तर पहिला अटॅक येऊ शकतो. बाबा नाहीत आता, आईची टेस्ट निगेटिव्ह आली, त्यामुळे बाबांकडून आलं असेल. त्यांना कधी असं पोट दुखायचं का हे आई परवा रात्री बराच वेळ आठवत बसली होती.

भावाची जीन टेस्ट पॉझिटिव्ह आली. त्याला आजवर एकदाही त्रास झालेला नाही. मॅडमनी त्याला टाळायच्या औषधांची माहिती दिली आणि सुरुवातीची नोंद म्हणून लघवी आणि स्टूल दोन्ही सांगितलं. तो माझ्यापेक्षा लाजरा. म्हणाला, "ताई, लघवी देतो, ते दुसरं नको ना." मी त्याला ती शिडी काढून दाखवली, सहावी पायरी दाखवली, तुझ्या लघवीत काही दिसलं नाही तरी शीमध्ये दिसू शकतं हे सांगितलं, आणि माझं २४० आणि ६८० दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. काही बोलला नाही, डब्या घेऊन गेला.

आज सकाळी त्याचा मेसेज आला. "झालं. रक्त नाही. फॉइल दोनदा गुंडाळलंय, खालूनपण. वेळ लिहिलीये. फ्रिजमध्ये आहे, दहा वाजता देऊन येतो."